बेचाळिसावं घर

‘वसलेले’ या शब्दापाशी येऊन बहिरूचा ब्रश थांबला.

शिडीच्या चौथ्या पायरीवर तो उभा होता. समोर हिरडवाडी ग्रामपंचायतीची भिंत, डाव्या हातात मोबाईल आणि मोबाईलमध्ये गोरखने पाठवलेला मजकूर. भूगोल, इतिहास, अर्थव्यवस्था, असे तीन मथळे. पहिलीच ओळ होती, ‘निसर्गरम्य तलावाच्या काठी वसलेले टुमदार गाव’. ‘काठी’पर्यंत अक्षरं काढून झाली होती.

खाली गोरख खुर्ची टाकून बसला होता. सरपंच त्याची बायको, समृद्धी. पण शिक्का गोरखच्या खिशात असायचा आणि बाई झेंडावंदनापुरती दिसायची. उद्या अकरा वाजता बोटिंगचं उद्घाटन होतं. साहेब येणार, फोटो निघणार, म्हणून भिंत आज संध्याकाळपर्यंत पुरी व्हायला हवी होती.

“हे कुणी लिव्हलं, गोरखभाऊ?”

“मोबाईलनंच. गावाचं नाव टाकलं की माहिती भाईर. लई सोपं झालंय आता.”

“वसलेलं म्हंजी? कोण वसलं, कवा वसलं?”

“आरं बहिरूनाना, सगळी गावं वसलेलीच असत्यात. तू पेंटर हायेस का तहसीलदार? मार रंग.”

मांडववाल्याकडे घोडेगावला जायचं म्हणून गोरख गाडीला किक मारून गेला. बहिरू शिडीवरच राहिला. इथून पाणी सरळ दिसायचं. तलाव म्हणे. तलाव देवाने केलेला असतो, नाहीतर राजाने. हे धरणाचं पाणी. त्याच्या बुडाशी पार होता, तालीम होती, चावडी होती, बहिरूच्या बापाचा गोठा होता. उन्हाळ्यात देवळाची शेंडी वर यायची, तेव्हा पुण्याहून आलेली पोरं तिच्यापुढे सेल्फी काढायची.

आणि त्या बुडालेल्या प्रत्येक घरावर बहिरूच्या हाताचं अक्षर होतं.

पस्तीस वर्षं झाली त्याला. धरणात जाणाऱ्या घरांच्या मोजणीला साहेब आला होता, त्याला हात चांगला असलेला गडी हवा होता. एकोणीस वर्षांच्या बहिरूला शाळेत सुंदर अक्षराचं बक्षीस मिळालेलं. दारोदार जायचं, पांढरा गोल काढायचा, त्यात लाल नंबर टाकायचा. काम संपलं तेव्हा साहेबाने रंगाचा उरलेला डबा आणि ब्रश त्यालाच देऊन टाकला. बहिरू पेंटर झाला तो असा. पुढे घोडेगाव, मंचर, नारायणगाव, सगळीकडच्या पाट्या त्याने रंगवल्या. पण हात बसला तो आपल्याच गावाच्या मरणावर.

एक घर मात्र राहिलं. सारजाबाईचं. दिवाळी नुकतीच झाली होती आणि तिने दर्शनी भिंतीवर पांढऱ्या मातीचा हात फिरवला होता. दारात आडवी उभी राहून ती म्हणाली होती, कालच भिंत केलीय, घाण करू नगं. बहिरू लाजला आणि पुढच्या घराला गेला. संध्याकाळी येऊ म्हणाला आणि संध्याकाळी विसरला. साहेबाने घरं मोजली नाहीत, नंबर मोजले. एक्केचाळीस नंबर, एक्केचाळीस घरं. त्या एक्केचाळिसांना खाली कालव्याच्या पाण्यावर जमिनी मिळाल्या. काही तिकडे गेले, काही त्या विकून इथे काठालाच राहिले. सारजाबाईने दहा वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आणि प्रत्येक टेबलावर तिला एकच उत्तर मिळालं, या नावाचं घर आढळत नाही.

तिने बहिरूला एका शब्दाने कधी दोष दिला नाही. दिला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

आता ती पंच्याहत्तरीची. डोंगराच्या उतरणीला खोपट. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात ती पेरायची आणि पाणी चढायच्या आत पीक काढायची. ह्या पिकाला गाळपेर म्हणतात. तिच्या वाट्याला तेवढीच जमीन. सहा महिने तिची, सहा महिने धरणाची.

डोक्यावर हरभऱ्याचे डहाळे घेऊन ती वाटेने आली, भिंतीच्या सावलीला टेकली आणि चार डहाळे शिडीशी टाकले.

“खा, बहिऱ्या. काय लिवतुयास?”

त्याने वाचून दाखवलं. भूगोलात बारमाही पाणी होतं. अर्थव्यवस्थेत बोटिंग आणि तंबू होते. इतिहास दीड ओळीत आटपला होता. ती घाटे सोलत ऐकत होती.

“कुण्या गावाचं हाय रं हे?” तिने विचारलं. “झ्याक हाय. तिकडं ऱ्हायाला गेलं पायजे.”

आणि ओझं उचलून चालू लागली.

बहिरू शिडीवरून उतरला. ग्रामपंचायतीने आणलेला डिस्टेंपरचा डबा त्याने झाकून बाजूला ठेवला. सायकलच्या कॅरिअरला ट्रॅक्टरची ट्रॉली रंगवून उरलेला, झटपट वाळणारा लाल ऑईल पेंट होता, तो काढला. लिहिलेली ओळ पुसली आणि पुन्हा शिडी चढला. मोबाईल खिशात. हे बघून लिहायचं नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा गोरख परतला. गाडीवरून न उतरताच त्याने वाचलं.

भूगोल : गाव पाण्याखाली आहे. पाणी कालव्याने खाली जाते. इथे एप्रिलपासून टँकर.

इतिहास : हे गाव वसलेले नाही, उठवलेले आहे. घरे बेचाळीस उठली. यादीत एक्केचाळीस आली. चूक बहिरू पेंटरची, ती कुणी दुरुस्त केली नाही.

अर्थव्यवस्था : हिरडा, गाळपेर आणि परगावची मजुरी.

गोरखने आधी शिव्या देऊन बघितल्या, मग हात जोडून बघितले. साहेब काय म्हणतील, गावाचा विकास अडवतोस का, ह्या भिंतीवर परत ब्रश लावू देणार नाही, सगळं बोलून झालं. बहिरू ब्रश धूत होता.

“पुस ते,” शेवटी गोरख म्हणाला.

“मी न्हाई पुसनार. तुमी पुसा. एक डाव पुसलंच की समद्यांनी.”

गोरखने शिपाई भिकाला चुन्याची बादली आणायला पिटाळलं. भिकाने सपासप दोन हात मारले. भिंत पांढरीफेक झाली. गोरखने घाम पुसला.

“ऑईल पेंटावर चुना धरत न्हाई, भाऊ,” बहिरू सायकलला डबा अडकवत म्हणाला. “वाळला की पोपडं निघत्यात. उद्या अकरापतूर समदं वाचता यील.”

भिका बादलीत बघून हसू दाबत होता.

बहिरू मात्र घरी गेला नाही. उतरणीच्या खोपटापाशी त्याने सायकल लावली. सारजाबाई ओट्यावर घाटे निवडत होती. डब्यात तळाला दोन बोटं लाल उरला होता आणि पांढऱ्याची पुडी होती. ब्रश काढून तो दारापुढे उभा राहिला.

“आत्ये, तुमचा नंबर टाकायचा ऱ्हायला व्हता. बेचाळीस.”

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं, मग ब्रशकडे.

“आता त्याचं काय मिळतं?”

“काय न्हाई.”

ती उठली. दाराशेजारच्या भिंतीवरचं सूप काढलं, पदराने धूळ झटकली आणि बाजूला झाली.

“मंग जरा मोठा काढ,” ती म्हणाली. “त्या बोटीतनं दिसला पायजे.”