अकरा मीटर

सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी माझ्या तिसऱ्या पुस्तकाला एकाच दिवसात सदतीस मागण्या आल्या. त्याआधीच्या पावणेतीन वर्षांत एका महिन्यातही एवढ्या आल्या नव्हत्या.

मी शहाद्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवत होते. दर जूनला नव्याने मुलाखत, दर मार्चला निरोप. नऊ वर्षं असं केल्यावर मी ते सोडलं आणि स्वतः लिहायचं, स्वतः छापायचं, स्वतः विकायचं असं ठरवलं. आधी प्रकाशकांना विचारलं होतं. एकाने कळवलं, विषय फार प्रादेशिक आहे. दुसऱ्याने काहीच कळवलं नाही. माझे पती योगेंद्र पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहेत. ते फक्त एवढंच म्हणाले होते, "तीन दिवाळ्या बघू." तिसरी दिवाळी तोंडावर आली होती. तोवर पुस्तकांवर पुढचं पुस्तक निघेल एवढं जमलं नाही, तर जूनमध्ये पुन्हा मुलाखतीच्या त्याच बाकावर प्रमाणपत्रांची फाइल मांडीवर घेऊन बसायचं, हे मी कबूल केलं होतं.

स्वयंपाकघराच्या दारामागे मी आलेखाचा कागद लावला होता. आडव्या रेषेवर महिने, उभ्या रेषेवर प्रती. पहिली दोन पुस्तकं त्या कागदावर जमिनीला चिकटून सरपटत होती. मी योगेंद्रना समजावायचे, दुधात विरजण घातल्यावर पहिले काही तास काहीच झालेलं दिसत नाही. जिवाणू त्या काळात तयारी करत असतात. रेषा नंतर उठते.

"विरजण घातलंय ना नक्की?" ते विचारायचे. "का नुसतं दूध झाकून ठेवलंयस?"

त्या सोमवारी मी त्यांना दारामागे नेऊन पेन्सिलीने नवा ठिपका दाखवला. कागद उंचीला कमी पडेल असं दिसत होतं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "लागलं बरं का दही."

हे पुस्तक सातपुड्यातल्या रानकंदांचं होतं. सत्तावीस कंद. ते मला रेवाबाईने दाखवले. खापरच्या वरच्या डोंगरात जांभीपाडा आहे, तिथे ती राहते. तिची नात रिना माझी विद्यार्थिनी. तिनेच मला पहिल्यांदा घरी नेलं. ऊसतोडीला आमच्याकडे येऊन येऊन रेवाबाईला अहिराणी येते, त्यामुळे आमचं जमलं. तीन पावसाळे मी तिच्यामागून चालले. ती बोट दाखवून कधी सांगत नसे. त्यांच्यात कंदाची जागा सांगत नाहीत, नेतात. सासू सुनेला नेते, आजी नातीला नेते. नवाईची, म्हणजे नव्या पिकाची, पूजा झाल्याशिवाय कुणी पहार लावत नाही, आणि कंद काढला की त्याचं डोकं पानांसकट परत त्याच खड्ड्यात पुरतात. पुढच्या पावसात ते फुटतं.

एकदा तिने मला विचारलं होतं, "काय लिखस वं एवढं?"

"नाव, पान, फूल. आणि जागा."

"जागा कसाले?"

"मी विसरू नये म्हणून."

ती हसली होती. जिथे तीनदा चालून गेलो ती जागा कुणी विसरतं, हे तिला पटत नव्हतं. पण माझं शिक्षण वेगळं. कॉलेजात आम्ही वाळवलेलं रोप कागदावर चिकटवून खाली पट्टी लावायचो, आणि पट्टीवर ठिकाण नसेल तर बाई ते परत करायच्या. ठिकाणाशिवाय नमुना म्हणजे वाळलं गवत, असं त्या म्हणत. म्हणून पुस्तकात प्रत्येक कंदाखाली मी ठिकाण दिलं. पाडा, नाला, उताराची दिशा, जवळचं मोठं झाड. आणि अक्षांश-रेखांश, चार दशांशांपर्यंत. रिनानेच ते फोनवर घेतले, मी दोनदा तपासले. चार दशांश म्हणजे अकरा मीटर. त्या नेमकेपणाचा मला अभिमान होता.

मंगळवारी नंदुरबारहून छापखान्याच्या धीरजचा फोन आला. "ताई, तुमनं पुस्तक ते पळी ऱ्हायनं! आते पाचशे काढू का हजार?"

"आधी पाचशे."

"पाचशे ते चार दिनमा खपी जातीन. आते तुम्ही मोठ्या लेखिका व्हई गयात. माले वळख ठेवज्यात."

मी त्याला छपाई सुरू करायला सांगितलं. त्याच दुपारी खापरहून फोन आला.

"मोहिनीबेन बोलो छो? ती कंदवाली चोपडी तुमचीच ना? मला दीडशे नग पाहिजेत. शांतीलाल बोलतो, बाजारपेठेतून."

माझ्या पुस्तकांना कुणी नग म्हटलं नव्हतं, आणि दीडशेही म्हटलं नव्हतं. मी विचारलं, "वाचनालयासाठी का?"

ते मोठ्याने हसले. "एवुंज समजो, बेन, तसंच समजा. तुम्ही या एकदा. चहा पाजतो."

गुरुवारी मी शहाद्याहून तळोदा, अक्कलकुवा करत एसटीने खापरला गेले. पिशवीत एक प्रत होती, रेवाबाईसाठी. रिनाकडे एक आधी पाठवली होती, पण ही तिच्या हातात मला स्वतः द्यायची होती. आधी शांतीलालना भेटून वर जायचं, असा विचार होता.

शांतीलालच्या दुकानात पोत्यांतल्या मोहफुलांचा आंबूस वास होता. शांतीलाल साठीचे, कानावर पेन्सिल, अंगात पांढरा सदरा. त्यांनी उठून माझ्यासाठी खुर्ची पुसली, चहा सांगितला. गल्ल्याशेजारी माझं पुस्तक उघडं पडलं होतं. पानं तेलकट झाली होती, बांधणी सुटली होती. एकेचाळीस ते चव्वेचाळीस या पानांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. औषधासाठी महाग विकली जाणारी सफेद मुसळी त्या पानांवर होती.

"चाळीस वरस झाली, बेन, मी या लोकांना विचारतो, कुठे मिळते? ते काय सांगतात, माहीत आहे? 'वर.' अरे, वर म्हणजे कुठे? डोंगर काय वीतभर आहे?" ते स्वतःच हसले. "तुम्ही पहिल्या, नीट सांगणाऱ्या. मोबाईलमध्ये आकडा टाकला की माणूस सरळ रोपापाशी. इकडे नाही, तिकडे नाही."

मी विचारलं, "तुम्ही माणसं पाठवलीत?"

"मीच कशाला? सगळ्यांनी पाठवली. या ना, माल दाखवतो."

मागच्या अंगणात ताडपत्रीवर मुसळी वाळत होती. ती बोटाएवढी जाड हवी. ही काडीएवढी होती, साल अजून काळसर झालेली नव्हती. बऱ्याच गड्ड्यांना डोकी तशीच होती, वर हिरव्या पानांचे सुकलेले झुबके. एका कोपऱ्यात झाडून टाकलेल्या डोक्यांचा ढीग होता.

"ही काढायची वेळ नाही," मी म्हणाले. "पानं पिवळी पडल्यावर काढतात. आणि डोकं तिथेच पुरायचं असतं."

"तेही लिहिलंय तुम्ही, पान बेचाळीस. वाचलं ना मी." त्यांच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. "पण पिवळी पडेपर्यंत थांबलो तर दुसरा घेऊन जाईल. ही चोपडी एकट्या माझ्याकडे थोडीच आहे?"

तेव्हा मला माझ्या हाताने लिहिलेले पत्ते आठवले. पाकिटांवर मी प्रत्येक पत्ता निळ्या शाईने, सुवाच्य अक्षरात लिहीत असे. गेल्या तीन महिन्यांत त्यांत जडीबुटी भांडारं होती, ट्रेडिंग कंपन्या होत्या, गुजरात आणि मध्य प्रदेशातली गावं होती. मला वाटलं होतं, मराठी माणसं कुठे कुठे पसरलेली असतात. एका पाकिटात तर मी आभाराची चिठ्ठीही घातली होती.

"मी नवीन आवृत्तीत ठिकाणं काढून टाकणार आहे," मी म्हणाले. तो निर्णय मी बोलता बोलता घेतला.

"मग ती चोपडी कोण घेईल, बेन?"

मी कोपऱ्यातल्या ढिगातलं एक डोकं उचललं.

"मला तशी गरज नाही," ते समजुतीने म्हणाले. "चार पानांची झेरॉक्स काढून माणसांना दिली आहे. पण म्हटलं, बाई एवढी मेहनत करते, तर चोपडीच घ्यावी. तुम्ही पुढची डिकामालीच्या डिंकावर लिहा. आगाऊ देतो मी. चहा घ्या ना, थंड झाला."

मी चहा घेतला. का घेतला, माहीत नाही. पावणेतीन वर्षांत पुढचं पुस्तक लिहा असं म्हणणारा तो पहिला माणूस होता.

खापरहून काळी-पिवळी जीप जांभीपाड्याच्या फाट्यापर्यंत जाते. तिथून तासभर चढण. पाड्यात न जाता मी आधी नाल्यापलीकडच्या उतारावर गेले, पुस्तकातल्या मुसळीच्या पहिल्या ठिकाणी. मला आकड्यांची गरज नव्हती.

सगळा उतार उकरलेला होता. पाऊस पडून खड्ड्यांत पाणी साचलं होतं आणि कडेची माती वाहून मुरूम उघडा पडला होता. बिस्किटाचे कागद, गुटख्याच्या पुड्या. गेल्या वर्षी मी इथे दोरीने दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन आखून रोपं मोजली होती. त्रेसष्ट होती. आता मी तेवढीच जागा पावलांनी धरली आणि पुन्हा मोजलं. एकही नव्हतं. मग दुसऱ्या ठिकाणी गेले, मग तिसऱ्या. तिसऱ्या जागी टाकून दिलेली डोकी दिसली. मी बसून हातांनी ती मातीत खोचायला लागले. बहुतेक कुजली होती. वीसेक खोचल्यावर मी थांबले, कारण ती फुटणार नाहीत हे मला ठाऊक होतं.

त्या उतारावर फोनला रेंज येते. मी धीरजला फोन लावला.

"छपाई थांबव."

"काय व्हयनं ताई? कागद कापायी गया. मशीनवर फर्मा लागेल शे."

"जे छापलं असेल ते फाडून टाक. पुढे छापू नकोस."

"मंग कव्हय काढाना?"

"काढायचंच नाही."

"ताई, चाली ऱ्हायनं ते बंद करतस का कोणी? घर ईचारी ल्या आधी."

"घरी मी सांगेन," मी म्हणाले.

पाड्यात पोहोचले तेव्हा चार वाजले होते. रिना अंगणात भांडी घासत होती. मला बघून ती उठली, पण नेहमीसारखी धावत आली नाही. रेवाबाई दारात बसली होती. शेजारी टोपली, टोपलीत लहान पहार.

"उतारावर जाऊन आलात?" रिनाने विचारलं.

"हो."

"श्रावणात आले. पहिल्या दिवशी नऊ जण. मग रोज. आमच्या पोरांनी हटकलं तर कागद दाखवला. म्हणाले, पुस्तकात छापलंय, सरकारी आहे." तिने हात ओढणीला पुसले. "त्या पानाच्या तळाशी आभारात आजीचं नाव आहे. ते वाचून दाखवलं त्यांनी. पाड्यातले लोक आता आजीला विचारतात, किती पैसे घेतले म्हणून."

मी रेवाबाईजवळ जमिनीवर बसले. मला खूप काही बोलायचं होतं आणि त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. पिशवीतली प्रत मी बाहेर काढली नाही. मी म्हणाले, "मावशी, मी ते पुस्तक बंद केलं. आता छापणार नाही."

ती माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला माफी तरी मागता आली असती.

"कुठे थोडी राहिली असेल," मी म्हणाले. "निदान बी तरी. मी घरच्या परसात लावून वाढवते, मग परत इथे आणून लावू. कुठे राहिली आहे, मावशी?"

"माले म्हाईत नही."

"वरच्या कड्याला? आपण दुसऱ्या वर्षी गेलो होतो तिथे?"

"माले म्हाईत नही."

अंगणाच्या कुंपणाला कडू कंदाचा वेल चढला होता, हृदयासारख्या पानांचा. तीन वर्षांपूर्वी तिने मला दाखवलेला तो पहिला वेल. त्याचा कंद चिरून, राखेत घोळून, वाहत्या पाण्यात रात्रभर कसा ठेवायचा, हे तिने तेव्हा हातांनी करून दाखवलं होतं. मी वेलाकडे बोट केलं. "हा तरी?"

तिने वेलाकडे बघितलंसुद्धा नाही. "माले म्हाईत नही, बाई."

ती मला आजवर बाई म्हणाली नव्हती. पोरी म्हणायची.

रिना मला फाट्याच्या वाटेपर्यंत सोडायला आली. मी तिला म्हणाले, "तू तरी शिकून घे तिच्याकडून. लिहू नकोस. नुसतं लक्षात ठेव."

"मला नेत नाही ती," रिना म्हणाली. "आकडे मी घेतले होते ना फोनवर. सहा आठवडे झाले, एकटीच जाते. मी मागे आले तर बसून राहते." ती थांबली. "तुम्ही पुढचं कशावर लिहिणार होता, ताई?"

"वेलींवर," मी म्हणाले. तिने मान हलवली. दोघींनाही माहीत होतं की त्या वेलींपर्यंत नेणारं माणूस एकच होतं.

वळणावरून मी मागे बघितलं. रेवाबाई अजून दारातच होती, टोपली मांडीवर घेऊन. मी दिसेनाशी होण्याची ती वाट बघत होती. मी चार पावलं पुढे गेले आणि पुन्हा वळले, तरी ती उठली नव्हती. ऊन कलत चाललं होतं, तिला उशीर होत होता. ती कोणत्या वाटेने जाते, हे तिला मला दिसू द्यायचं नव्हतं. मग मी भराभर उतरायला लागले, म्हणजे तिला निघता येईल.