थोरल्याचा उजवा डोळा

नेपाळमधल्या पाटणचा तांबट आशामान आपल्या वेबसाइटसाठी ‘ताम्राकार’ हे घराण्याचं नाव नोंदवायला गेला. नागरिकतेच्या दाखल्यावर वेबसाइटचा नेपाळी ‘.np’ पत्ता फुकट मिळतो, पण धाकटा भाऊ बेखामान याने त्या नावाचा पत्ता आधीच घेतला होता.

“अहो, थोरला मी आहे!”

“इथं वय पाहत नाहीत, दाजू. ज्याचा अर्ज आधी, त्याचं नाव,” थोरल्या भावाला म्हणतात तसं ‘दाजू’ म्हणत कारकुनाने सांगितलं.

भावकीच्या जेवणात रिवाजाप्रमाणे, वयाचा मान म्हणून, बोकडाचा उजवा डोळा थोरल्या आशामानच्या पानात पडला. पान धाकट्याकडे सरकवत तो म्हणाला, “हाही तूच खा. अर्ज केलाच असशील!”

“खाऊ?” बेखामानने खरंच हात पुढे केला.

आशामानने पान झटकन मागे ओढलं आणि डोळा न चावताच गिळला.