माझ्याऐवजी ती बुडाली

मी आर्डिसबाईंच्या कोठारातली फोर्ड बोलतेय. जन्म एकोणीसशे सव्वीसचा, मुक्काम मिनेसोटा. गंज चढलाय, पण या वयाला तो शोभतो.

मला घरी आणलं आर्डिसच्या सासऱ्यांनी, गस्टनी. पहिल्याच आठवड्यात इंजिन सुरू करायला फिरवायच्या माझ्या हँडलने उलटा फटका देऊन त्यांचं मनगट मोडलं. तरी त्यांचा माझ्यावर जीव. उभ्या चढावर पेट्रोल इंजिनापर्यंत पोचायचं नाही, म्हणून चर्चची टेकडी मी उलटी चढायचे. देवाकडे पाठ करून जाणारी गावात मी एकटीच. आर्डिस नवरी होऊन आली तीही माझ्यातूनच, मांडीवर केकचा डबा घेऊन. तेव्हाही मी म्हातारीच होते.

मग कोठार आलं आणि सीटवर कोंबड्या आल्या.

यंदा आर्डिसच्या पुतण्याने, व्हर्लिनने, चारही चाकांनी ओढणारी नवी गाडी घेतली. तिची सीट बूड शेकते. पट्टा लावला नाही तर ती बाईच्या आवाजात रागावते. चिखल, बर्फ, डोंगर, हिला काही अडत नाही, असं व्हर्लिन सांगायचा. प्रत्यक्षात ती डोनट आणायला जायची.

आमच्या गावात मार्चमध्ये गोठलेल्या तळ्यावर एक भंगार गाडी उभी करतात. ती कधी बुडेल यावर अग्निशमन दलाच्या मदतीसाठी पैजा लागतात. यंदा भंगार मिळेना, तेव्हा व्हर्लिनने माझं नाव काढलं.

आर्डिस कॉफी ओतत म्हणाली, "हं. कल्पना वेगळीच आहे."

आमच्याकडे याचा अर्थ 'माझ्या मढ्यावरून ने' असा होतो, हे शेंबडं पोरही जाणतं. तोंडावर नाही म्हणायची इथे रीतच नाही. व्हर्लिनलाही कळलं होतं. पण त्याने न कळल्यासारखं केलं आणि आणखी एक बिस्किट उचललं. माझा रेडिएटर संतापाने उकळला असता, पण त्यात पाणीच नव्हतं.

शनिवारी माझं उरलंसुरलं तेल काढून, दोर बांधून त्याने मला तळ्यावर ओढत नेलं. पुढे त्याची नवी गाडी, ती महाराणी, वजनाने माझ्या चौपट. ओढा तळ्याला मिळतो तिथे बर्फ पातळ असतो, पण तिच्या पडद्यावर 'सगळं ठीक' असा हिरवा दिवा होता. कडाड आवाज झाला आणि ती नाकावर खाली गेली. व्हर्लिन खिडकीतून निसटला तो थेट माझ्या पायरीवर चढला.

दोर ताणला आणि मीही भोकाकडे घसरू लागले. खरं सांगते, फार घाबरले.

आर्डिस काठावरून चालत आली. हातात मासे कापायची सुरी होती.

"काकू, दोर राहू दे," व्हर्लिन म्हणाला. "फोर्डने धरून ठेवलं तर माझी गाडी वाचेल. चालेल ना?"

"नाही," आर्डिस म्हणाली.

तिच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा. तिने शिवी हासडल्यासारखे पैजेसाठी काठावर जमलेल्या बायकांनी पोरांचे कान झाकले. तिने दोर कापला. 'पट्टा लावा, पट्टा लावा' असं बजावत महाराणी तळाला गेली. मला चौघांनी नुसत्या हातांनी ढकलत परत आणलं. पैज कोण जिंकलं यावर चर्चच्या तळघरात कॉफी पिताना अजून वाद चालू आहे.

आता मी पुन्हा कोठारात आहे. व्हर्लिन रविवारी येतो आणि मुकाट्याने माझे दिवे पुसतो. आर्डिस थकत चालली आहे, आणि तिच्यावाचून मला करमायचं नाही. तिच्यामागे मी कुणाच्या तरी वाट्याला येईन. तुमच्या आले, आणि कुणी मला बर्फासाठी मागायला आलं, तर कॉफी ओतत बसू नका. सरळ नाही म्हणा. जमतं ते, मी पाहिलंय.