ब्रेकचं दुसरं बिल

माझं तोंड फटकळ आहे, हे सगळ्या सुआमे वस्तीला ठाऊक आहे. त्या मंगळवारी तर मी गॅरेजांची अख्खी गल्ली डोक्यावर घेतली होती.

झालं असं. मी सात पोरांना गाडीनं शाळेत नेते-आणते. शनिवारी अदोमाको मिस्त्रीनं माझ्या गाडीचे ब्रेक नवे करून दिले. रविवारी आम्ही चर्चला जाऊन आलो. सोमवारी सकाळी उतारावर ब्रेक दाबला, तर गाडी थांबायचं नाव घेईना. पोरं मागे गाणी म्हणतायत आणि इकडे माझ्या तोंडचं पाणी पळालेलं. हँडब्रेक ओढला, तेव्हा कुठे केळी तळणारीच्या कढईपासून हातभर अंतरावर गाडी उभी राहिली. कुणाला खरचटलंही नाही, देवाची कृपा. पण संध्याकाळपर्यंत बातमी सातही घरी पोचली. "कोनादू, पोरगी तुझ्या गाडीत बसवायची की नाही, ते आम्ही विचार करून सांगू," असं एका आईनं मला तोंडावर सांगितलं. बाकीच्यांनी तेवढंही सांगितलं नाही.

मंगळवारी गाडी परत मिस्त्रीकडे नेली. त्यानं पुढची दोन्ही चाकं खोलली, आतल्या डिस्कवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि फडक्याला पुसलं. मग ब्रेकचे नवे पॅड बसवले आणि माझ्या हातात बिल ठेवलं. सहाशे सेडी.

"हे कशाचे?" मी विचारलं. "तू घाण करायची आणि निस्तरायचे पैसे मी द्यायचे?"

"ताई, काम मी नीटच केलं होतं."

"मग ब्रेक काय रुसून बसले होते?"

तो काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात त्याची नजर माझ्या आईकडे गेली. ती बाजूलाच स्टुलावर बसून त्याला टाकून बोलत होती. त्यानं तोंड मिटलं. मी म्हटलं, चोराच्या मनात चांदणं.

तडक नानांकडे गेले. नाना म्हणजे सगळ्या मिस्त्र्यांचे म्होरके, गल्लीतली भांडणं त्यांच्या कडुनिंबाखालीच मिटतात. मला सहाशे सेडींचं एवढं काही नव्हतं. चूक गॅरेजची आहे, कोनादूची नाही, हे मला चारचौघांत नानांच्या तोंडून हवं होतं. त्याशिवाय पोरं परत मिळणार नव्हती. आईही काठी टेकत साक्षीला आली.

माझं सगळं ऐकून घेऊन नाना म्हणाले, "अदोमाको, तुझं काय म्हणणं?"

त्यानं पुन्हा एकदा आईकडे पाहिलं. "काही नाही, नाना. चूक माझी. बिल फाडून टाका."

वीसएक मिस्त्री ऐकत होते. कुणीतरी फिसकन हसलं. नानांनी बिल फाडलं आणि गल्लीच्या रिवाजाप्रमाणे सांगितलं, की महिनाभर अदोमाकोनं ब्रेकचं काम घ्यायचं नाही. बावीस वर्षं माणूस ब्रेकसाठीच नावाजलेला. तो मान खाली घालून निघून गेला. मी जिंकले होते, मला भारी बरं वाटत होतं.

घरी जाताना आईनं पिशवीतून एक बाटली काढली. "या खेपेला जास्त लावते. रविवारी कमी पडलं."

"काय कमी पडलं?"

"तेल. पाद्रीबाबांनी प्रार्थना करून दिलेलं."

आता आमच्याकडे दुरुस्त झालेली गाडी तेल लावल्याशिवाय रस्त्यावर येतच नाही. पाद्रीबाबांनी बॉनेटवर क्रूस काढला होता, तो मी पाहिला होता. "ते तर बॉनेटला लावलं ना?"

"दुखणं बॉनेटला होतं का? घरी आल्यावर मी चाकाच्या भोकांतून बोटं घालून त्या चकचकीत ताटलीला चांगलं चोळलं. पुढच्या दोन्ही. मागे मला वाकवेना."

मी गाडी कडेला घेतली. त्या तेलाला लवंगेचा वास येतो. मिस्त्रीनं बोट नाकाशी नेलं होतं, ते आठवलं. त्याला तिथेच सगळं कळलं होतं, आणि म्हातारीचं हसं होऊ नये म्हणून त्यानं स्वतःचं नाव घालवलं होतं. मला माझीच लाज वाटली.

आईला सगळं सांगितलं. तिनं बाटलीचं बूच घट्ट लावलं. मग म्हणाली, "गाडी वळव."

"उद्या जाऊ, आई." मला पोरांची धास्ती होती. चूक आमच्याच घरची निघाली, तर कोण पोर पाठवणार?

"उद्या झाडाखाली दुसरी माणसं असतील. ज्यांनी ऐकलं, त्यांच्यापुढेच बोलायचं."

आणि ती बोलली. काठीवर हात ठेवून, एकही शब्द न गाळता. कुणी हसलं नाही. नानांनी बंदी उठवली आणि अदोमाकोला बोलावून घेतलं.

"अरे, बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"म्हातारीनं मायेनं लावलं होतं, ताई. चारचौघांत कसं सांगायचं?" तो आईपुढे गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हात पुढे केले. "लावायचंच तर इथे लाव, आई. चाकांचं मी बघतो."

आईनं त्याच्या हातांना मनगटापर्यंत तेल लावलं. मी सहाशे सेडी पुढे केले, तर म्हणतो, "हात तेलकट आहेत, माझ्या खिशात घाल."

बुधवारी पहाटे मी गाडी काढायला गेले, तर अदोमाको दारात उभा. काही न विचारता पुढच्या सीटवर येऊन बसला. सातही घरांपुढे तो उतरला आणि प्रत्येक दारात एवढंच म्हणाला, "ब्रेक माझ्या हातचे आहेत. काय झालं होतं ते विचारा, सगळं सांगतो."

विचार करून सांगणारी ती आई सगळ्यात शेवटच्या घरातली. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग पोरीच्या पाठीवर दप्तर अडकवलं आणि दार उघडून तिला गाडीत बसवलं. मिस्त्रीला काहीतरी म्हणावं म्हणून मी वळले, पण मला बोलताच येईना. कोनादूला शब्द सुचला नाही, हे सुआमेत अजून कुणाला खरं वाटत नाही.