दातांच्या दवाखान्यातला स्किमर

मित्रांनो, घाण हा माझा धंदा आहे आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नाही. मी खाऱ्या पाण्याच्या टाकीतला एक जुना स्किमर आहे. आता हे काय नवीन, असं तोंड करू नका. समुद्राच्या काठी लाटा फुटतात तिथे पिवळट फेस साचतो, तो तुम्ही पाहिला असेल. पाण्यातला चिकट मळ बुडबुड्यांना धरून वर येतो, त्याचा तो फेस. मी तेच काम एका नळीत करतो. माझा पंप पाण्यात बारीक हवा मिसळतो, फेस नळीतून वर चढतो आणि माझ्या डोक्यावरच्या पेल्यात जाऊन पडतो. माशांची शी, सडलेलं खाणं, सगळं त्या पेल्यात. टाकी जितकी स्वच्छ तितका माझा पेला घाण, आणि पेला जितका घाण तितकी माझी मान ताठ.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईंनी माझ्या नळ्या एकमेकींना चिकटवल्या. बाई कामाला पक्क्या होत्या, पण बडबड इतकी की चिकटवलेलं सुकेपर्यंत मला त्यांच्या सुनेचा स्वभाव तोंडपाठ झाला होता. मग मी एका हौशी साहेबांच्या घरी गेलो. काय ते कौतुक! आलेल्या पाहुण्याला आधी माझा पेला दाखवायचे आणि मग चहा द्यायचे. चहा बहुतेक उरायचा. पुढे साहेबांना सायकलचं वेड लागलं. मासे दुसऱ्या कोणाला गेले, टाकी गच्चीवर गेली आणि मी शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याच्या दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर येऊन पडलो. दुकानातलं मांजर अधूनमधून माझ्या पेल्यात नाक घालायचं, शिंकायचं आणि निघून जायचं. एवढीच काय ती विचारपूस.

अशात एके दिवशी दुकानात एक ताई आणि त्यांचा धाकटा भाऊ आले. भाऊ दातांचा डॉक्टर. चांगला ताडमाड, डोक्याला टक्कल पडायला लागलेलं, पण ताई त्याला सगळ्यांदेखत 'छोट्या' म्हणायच्या. ताई त्याच्याच दवाखान्यात काउंटर सांभाळत. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी होती. ती ताईंच्या यजमानांची. ते गेले, घर लहान घ्यावं लागलं, म्हणून टाकी दवाखान्यात आली. आतले बाकीचे मासे एकेक करून संपले होते. उरला होता एकच, गोल, पिवळाधमक आणि भलता आखडू. त्याचं नाव पिवळोबा. आणि आता टाकीचा जुना स्किमर जळला होता.

"मोठाच घ्या," मासेवाला म्हणाला. "मोठा कधीही बरा." त्याने एक टोलेजंग, चकचकीत स्किमर पुढे केला. खोक्यावर एवढ्या मोठ्या टाकीचा आकडा होता की त्यात डॉक्टरांचा अख्खा दवाखाना बुडाला असता. दोघं खूश होऊन तो घेऊन गेले. मी खालच्या फळीवरून पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी ते धूड परत आलं.

"अहो, टाकीखालच्या कपाटात हा शिरला कसाबसा," ताई कडाडल्या, "पण पेला काढायला वर जागाच नाही! पेला धुवायचा तर आधी टाकी उचलून बाजूला ठेवू का?"

"माप तुम्ही आणायचं असतं ताई," मासेवाला डोकं खाजवत म्हणाला.

डॉक्टरांनी खिशातून एक दोरा काढला. दातांच्या फटी साफ करायचा पांढरा दोरा होता तो. कपाटाची उंची त्यांनी त्यानेच मोजून गाठ मारून आणली होती. आता त्या दोऱ्याच्या गाठीच्या आत, पेला वर उचलण्याची जागा धरून, कोण बसतंय ते बघायचं होतं. दुकानातले तिघेच बसले. त्यातला एक मी.

पुढे जे झालं ते कोणत्याही स्किमरच्या वाट्याला आलं नसेल. डॉक्टर म्हणाले, "ताई, जुन्याचा आवाज दात कोरायच्या मशीनसारखा होता. पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच पांढरे पडायचे. आता नवा मला आवाजावरच निवडायचा आहे. तू स्टुलावर बस. डोळे मीट. आणि आ कर."

"आ कशाला?"

"तोंड उघडं असलं की माणूस जास्त घाबरतो. माझा रोजचा अनुभव आहे."

ताई खरंच बसल्या. भर दुकानात, डोळे मिटून, आ करून. मासेवाल्याने पाण्याचं पिंप लावून आम्हाला एकेक करून चालू केलं. पहिला असा किंचाळला की ताईंनी दोन्ही हातांनी गाल धरले. दुसरा गुळण्या केल्यासारखा खळखळला, तेव्हा मासे घ्यायला आलेल्या एका आजोबांना हसू आवरेना. मग माझी पाळी. मी आपला माझ्या नेहमीच्या आवाजात सुरू झालो, घर्रर्र. ताईंचं तोंड हळूच मिटलं. त्या नुसत्या ऐकत राहिल्या.

"भीती वाटते?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"मग हाच!"

मित्रांनो, मांजराने वास घेतलेल्या माझ्यासारख्याची अशी निवड व्हावी! माझी छाती फुगली. मासेवाल्याने मला घासूनपुसून लख्ख केलं आणि दोघांना बजावलं, "सुरुवातीला काही दिवस फेस येणार नाही. घाबरू नका. पण याला बंद करायचं नाही. रात्रंदिवस चालू ठेवायचा. आतून एकदा चिकट थर बसला की मग याचं काम बघा."

दवाखान्यात मी टाकीखालच्या कपाटात बसलो; टाकीचं पाणी नळीने खाली माझ्याकडे यायचं आणि परत वर जायचं. कपाटाची पाठ दोन खोल्यांमधल्या लाकडी फळीला टेकलेली आणि फळीच्या पलीकडे डॉक्टरांची खुर्ची. ताईंचं काउंटर मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला, रस्त्याकडच्या खिडकीपाशी. गोंगाटात त्यांना तिथे स्वतःचा फोन धड ऐकू येत नसे. दुपारी दवाखाना रिकामा झाला, डॉक्टर घरी जेवायला गेले, की ताई आपला डबा घेऊन टाकीपाशी येऊन बसत.

घोटाळा केला तो कुस्तीच्या मास्तरांनी. माणूस म्हणजे नुसता पहाड. खुर्चीत बसले, फळीपलीकडून माझी घरघर ऐकली आणि दचकून म्हणाले, "मशीन आधीच चालू केलंत?" डॉक्टर 'नाही नाही' म्हणेपर्यंत मास्तर गळ्यातल्या फडक्यासकट रस्त्यावर. ते फडकं अजून परत आलेलं नाही.

डॉक्टर स्वभावाने गरीब. ताईंना काही बोलायची त्यांची छाती होईना. मग त्यांनी सुट्टीच्या दिवशी गुपचूप येऊन माझी वायर फळीतल्या भोकातून पलीकडे ओढली आणि खुर्चीजवळ पायाने दाबायचं एक बटण बसवलं. पेशंट बसला की बटण दाबायचं, मी बंद. पेशंट उठला की पुन्हा दाबायचं, मी चालू. थोड्या वेळाने काय बिघडतंय, असा त्यांचा हिशेब.

काय बिघडतंय? अहो, माझा जीव जात होता! तुम्ही परीक्षेत पेपर लिहिताय आणि कोणी तरी सारखी वही ओढून घेतंय, खोडतंय आणि परत देतंय, असं समजा. फेस मोठ्या मुश्किलीने गळ्यापर्यंत चढायचा, तोच पलीकडे कोणाची तरी अक्कलदाढ यायची आणि माझा सगळा फेस धपकन खाली. पुन्हा पहिल्यापासून. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती. पण मला आहे पेला, आणि तो कोरडा.

ताई रोज कपाट उघडून पेला बघत. आधी आशेने, मग संशयाने. "अजून काही नाही? काय ठोंब्या आहे मेला!" माझं नावच पडलं ठोंब्या. शिव्या मी सोसल्या असत्या, पण वर टाकीत पिवळोबाचं खरं नव्हतं. पाणी गढुळलं होतं. त्याचा रंग उतरला, कल्ले भराभर हलायला लागले आणि तो एका कोपऱ्यात तोंड लावून उभा राहायला लागला. खाणं समोरून तरंगत जायचं, हा वळूनही बघत नसे. ताई बादल्या भरभरून पाणी बदलत होत्या, पण तेवढ्याने भागत नव्हतं.

"ताई," डॉक्टर एकदा चाचरत म्हणाले, "त्याला मासेवाल्याकडे देऊ या का? तिथे तरी जगेल."

ताई टाकीच्या काचेवर हात ठेवून उभ्या होत्या. "ह्यांनी आणलेला हा शेवटचा मासा आहे रे," त्या म्हणाल्या. "हा गेला की संपलं सगळं. शनिवारपर्यंत बघते. नाहीच झालं तर देऊ, आणि ह्या ठोंब्यालाही परत करू."

मला माझं काही वाटलं नाही. खालच्या फळीची मला सवय होती. पण शनिवारपर्यंत ताईंसाठी पेल्यात एक तरी थेंब पाडायचा म्हणून मी जिवाच्या आकांताने हवा घुसळायला लागलो.

शुक्रवारी मात्र ताईंचीच दाढ ठणकायला लागली. दुसऱ्यांना 'काही दुखत नाही हो' म्हणणाऱ्या ताई स्वतः खुर्चीत बसायला तयार होईनात. शेवटी दुपारी, दवाखाना रिकामा झाल्यावर, डॉक्टरांनी त्यांना धरूनच बसवलं. पुढचं मी पाहिलं नाही, फळीतून ऐकलं. पण ताईंनी ते नंतर येईल त्याला इतकं रंगवून सांगितलं की मी पाहिल्यासारखंच आहे.

इंजेक्शन झालं, ताईंचा अर्धा चेहरा बधिर झाला, तोंडात कापूस कोंबला गेला. आणि सवयीप्रमाणे डॉक्टरांनी पायाने बटण दाबलं. मी बंद.

ताई ताठ बसल्या. "आँ!"

"दुखलं? अजून एक इंजेक्शन देऊ?"

"आँ आँ!" ताईंनी फळीकडे बोट दाखवलं.

"गुळणी करायची आहे? थांब जरा."

ताईंनी जोरात मान हलवली आणि बोट खाली जमिनीकडे नेलं.

"पायात गोळा आला? पाय सरळ कर, ताई, घाबरू नकोस. मी आहे ना!"

ताईंनी पाय सरळ केला आणि तो थेट भावाच्या पायावर आपटला. त्याच्या पायाखाली बटण होतं. मी सुरू, घर्रर्र. ताईंनी पुन्हा पाय आपटला. मी बंद. पुन्हा आपटला, मी चालू. डॉक्टरांच्या हातातला आरसा खाली पडला.

ताईंनी कापूस ओढून काढला. अर्ध्या तोंडाने त्यांनी काय काय सुनावलं ते मलाही नीट कळलं नाही, पण त्यात 'छोट्या' हा शब्द पुष्कळदा होता.

"पेशंट घाबरतात गं," डॉक्टर रडकुंडीला आले. "तुला कसं सांगू? दाजींची टाकी आहे. तुला वाटलं असतं, मला ती इथे नकोय."

ताईंचा आवाज खाली आला. मग जीभ अडखळत असतानाच एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "घरी गेले की नुसतं शांत असतं रे. हे होते तेव्हा घरात टाकीची घरघर सतत चालू असायची. वैताग यायचा मला. आता ती नाही, तर मला ते सोसत नाही. दुपारी मी इथे टाकीपाशी बसते ती ह्या आवाजासाठी. दुकानात तू मला विचारलंस, भीती वाटते का. बरं वाटतं का, ते नाही विचारलंस."

डॉक्टर खाली बसले आणि त्यांनी दात उपटायच्या चिमट्याने ते बटण जमिनीतून उपटून काढलं. मग मोठ्या बहिणीची दाढ कोरली, माझ्या चालू आवाजात.

शनिवारी पिवळोबाला द्यायचं कोणी नाव काढलं नाही. मी लागलो कामाला. फेस गळ्याशी आला, चढला, पेल्यात पडला आणि काही दिवसांत पेला काळ्याकुट्ट, घाणेरड्या पाण्याने भरला. ताई तो पेला हातात धरून दवाखानाभर नाचल्या. कोणी पेशंट माझा आवाज ऐकून कावराबावरा झाला की त्या म्हणत, "मशीन नाही हो ते, आमचा ठोंब्या आहे. बघा काय काम करतो!" आणि पेला थेट त्याच्या नाकाखाली. त्या वासाने माणूस असा उठतो की आपण होऊन आतल्या खुर्चीत जाऊन बसतो. तिथे निदान औषधांचा वास येतो. डॉक्टर म्हणतात, पेशंट इतक्या खुशीने कधी आत आले नव्हते.

आणि एके सकाळी पिवळोबा कोपरा सोडून पुढे आला, ताईंनी टाकलेला शेवाळाचा तुकडा त्याने झडप घालून पळवला आणि दुसऱ्यासाठी काचेवर तोंड आपटायला लागला. ताई रडल्या. मग लगेच 'हावरट मेला' म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्यासारखा कोणी तुमच्या घरी असेल तर माझं एवढं ऐका. आणण्याआधी कपाट मोजा, आणि पेल्याची जागा धरून मोजा. पेला धुवा, नाक दाबून का होईना, पण धुवा. आणि कशाच्या घरघरीने तुमचं डोकं उठत असेल तर ती बंद करण्याआधी घरातल्या माणसांना जरा विचारा, ती कोणाला हवी तर नाही ना.

डॉक्टर आता दुपारी घरी जात नाहीत. डबा घेऊन टाकीसमोर ताईंच्या शेजारी बसतात. दोघं बहीणभाऊ जेवता जेवता इतके कडाकडा भांडतात की माझी घरघर कोणाला ऐकूही येत नाही, आणि त्याबद्दल माझी काहीएक तक्रार नाही.