डबेरावांकडे न दिलेला निरोप

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि माझ्या पोटात आजवर हजारभर गांडुळं राहून गेली आहेत. नाक मुरडू नका. तुमच्या दप्तराच्या तळाशी काय काय राहून जातं, ते मी विचारलेलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका यंत्राने मला वाकवलं, दुसऱ्याने तळ बसवला आणि तिसऱ्याने माझ्या अंगावर एका हसऱ्या बाईचं चित्र छापलं. तिच्या हातात बिस्किट होतं. पुढे बाईचा चेहरा गंजाने खाल्ला, बिस्किट मात्र शाबूत राहिलं. त्यामुळे हल्ली माझ्याकडे पाहिलं तर एक हात कुणाला तरी बिस्किट देतोय एवढंच दिसतं.

बिस्किटं संपल्यावर मी एका शिंप्याच्या दुकानात आलो. हे शिंपी म्हणजे दोघा भावांतले थोरले. धाकटे कवळ्या बनवत. थोरले माणसं बाहेरून मापात बसवायचे आणि धाकटे आतून. दोघं दुकानाच्या वरच्या मजल्यावर एकत्र राहत आणि दोघांना एकच वेड होतं, ते म्हणजे तळ्यावरची मासेमारी. एके दिवशी थोरल्यांनी टोचा घेतला आणि माझ्या झाकणाला अकरा भोकं पाडली. मला वाटलं, संपलो. पण दुसऱ्या दिवशी माझ्यात ओली माती आली, वर गोणपाटाचा ओला तुकडा आला आणि चाळीस गांडुळं राहायला आली. भोकं त्यांच्या श्वासासाठी होती. मासा मेलेल्या गांडुळाकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला ते वळवळतंच लागतं.

माशांच्या बाजूने पाहिलं तर मी खाऊचा डबा होतो. गांडुळांच्या बाजूने न पाहिलेलं बरं.

दर उन्हाळ्यात एक शनिवार-रविवार ठरलेला असे. तळ्यावर एक होडीवाला होता. त्याच्या वहीत दोघा भावांची नावं एका ओळीत लिहिलेली होती आणि तो ती दर वर्षी तशीच पुढच्या पानावर उतरवायचा. दोन दिवस, एक होडी, दोन काठ्या आणि मधल्या फळीवर मी. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग धाकट्यांचं लग्न ठरलं आणि थोरल्यांनी त्यांच्यासाठी कोट शिवला. कोटाची डावी बाही एक इंच आखूड झाली.

"तुझा डावा हात लांब आहे," थोरले म्हणाले.

"माझा हात बरोबर आहे. तुझी टेप आखूड आहे, दादा."

"तीस वर्षांत या टेपने चूक केलेली नाही."

"तीस वर्षांत माझा हात कुणी लांब म्हणालेलं नाही."

एवढंच. याहून मोठं कारण तुम्ही शोधत असाल तर शोधू नका, मीही शोधून थकलो. त्या इंचावरून दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही अशी शपथ घेतली. धाकटे बिऱ्हाड उचलून दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेले.

पण होडीवाल्याच्या वहीतून आपलं नाव खोडायला सांगणं म्हणजे हार मानणं. दोघांनाही ती मानायची नव्हती. उन्हाळा आला तसे दोघं ठरल्या शनिवारी तळ्यावर हजर झाले आणि तोंडं विरुद्ध दिशांना करून एकाच होडीत बसले. होडीवाला म्हणाला, "अशाने होडी गोल फिरेल." ती खरंच गोल फिरली. अर्धा दिवस आम्ही तळ्याच्या मधोमध फिरत होतो. शेवटी गांडुळं आजारी दिसायला लागली तेव्हा थोरल्यांनी घसा साफ केला आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

"डबेराव, त्याला सांगा, उजवं वल्हं मार."

धाकट्यांनी विचार केला. शपथेत डब्याविषयी काही म्हटलेलं नव्हतं. तेही माझ्याकडे बघून म्हणाले, "डबेराव, त्यांना सांगा, मारतोय."

मित्रांनो, अशा रीतीने मी बोलका झालो. म्हणजे बोलत तेच होते, पण माझ्यातून. त्यातून एक नियम ठरला. वाक्याच्या सुरुवातीला 'डबेराव' असेल तर ते भावासाठी. 'डबेराव' नसेल तर माणूस स्वतःशी बोलतोय, नाहीतर माशाशी, आणि ते भल्या माणसाने कान देऊन ऐकायचं नाही. मासे धरणारे सगळेच माशांशी बोलतात, अगदी लाडात येऊन बोलतात. घरच्यांशी तसं बोलले असते तर बरेच संसार सुधारले असते.

सतरा उन्हाळे मी हे काम केलं. "डबेराव, त्याला विचारा, मुलीचा ताप उतरला का?" "डबेराव, उतरला म्हणावं. आणि टोपी घाला म्हणावं, डोकं तापलंय त्यांचं." वहिनी, म्हणजे थोरल्यांची बायको, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होत्या. त्या म्हणायच्या, "मी दिवसभर परक्या माणसांचे फोन जोडून देते आणि माझ्या घरची माणसं बोलतात गांडुळांच्या डब्यातून."

पुढे थोरल्यांचे दात गेले. भाऊ कवळ्या बनवणारा, पण हे हट्टाने भलत्याकडून कवळी करून आले. ती बोलताना टकटक वाजायची आणि हिरडीला घासायची. धाकट्यांना ते बघवत नसे. दुसऱ्याचं वाईट काम बघून कारागिराला दुखतं. इथे तर ते भावाच्या तोंडात होतं.

"डबेराव, त्यांना विचारा, डावीकडे टोचतंय का?"

"डबेराव, त्याला सांगा, अजिबात नाही," थोरले म्हणायचे आणि डावा गाल धरून बसायचे.

आता सतराव्या उन्हाळ्याचं सांगतो. त्या वर्षी थोरले होडीत चढताना दोनदा थांबले. शनिवारी ते फारसं बोलले नाहीत. रविवारी सकाळी त्यांनी तोंडातली कवळी काढली, रुमालाने पुसली आणि काही न बोलता माझ्या झाकणावर ठेवली. माझ्यामार्फतसुद्धा काही सांगितलं नाही. धाकट्यांनी ती उचलली, खिशातला पॉलिश कागद काढला आणि मान खाली घालून घासायला लागले. इतकं हळुवार काम मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं, आणि मी कारखान्यात जन्मलेलो आहे.

थोरले बराच वेळ भावाकडे बघत बसले. मग त्यांनी आपला तळवा माझ्या झाकणावर ठेवला. अकराच्या अकरा भोकं झाकली गेली आणि माझ्यात अंधार झाला. त्या हाताचा अर्थ मला लगेच कळला. हा निरोप माझ्याकडे द्यायचा नव्हता. सतरा वर्षांनी त्यांना मला मधून बाजूला करायचं होतं.

नेमकं त्याच घटकेला त्यांच्या गळाला मासा लागला. दुसऱ्या हातातली काठी कमानीसारखी वाकली. थोरल्यांनी माशाकडे पाहिलंही नाही. ते भावाकडे बघून म्हणाले,

"ये आता घरी. पुरे झालं रे."

धाकट्यांनी मान वर केली. त्यांना वाकलेली काठी दिसली, ताणलेली दोरी दिसली. भावाच्या पाठीमागून ऊन डोळ्यांवर येत होतं, त्याचा चेहरा दिसला नाही. आणि वाक्यात 'डबेराव' नव्हतं.

"डबेराव," धाकटे म्हणाले, "त्यांना सांगा, ओढू नका. सैल सोडा. आपणहून येईल."

थोरल्यांनी माझ्या झाकणावरचा हात उचलला. मग ते हसले. तोंडात एकही दात नसलेला माणूस इतका छान हसू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी दोरी इतकी सैल सोडली की मासा गळासकट निघून गेला. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

संध्याकाळी थोरले काठ्या घेऊन रस्त्याकडे चालत गेले. धाकटे मला काखेत धरून होडीवाल्याजवळ थांबले आणि हसत म्हणाले, "आमचे दादा यंदा माशालाच घरी बोलवायला लागलेत. ये आता घरी, म्हणे."

"मग आला का?" होडीवाल्याने विचारलं.

"कसला येतोय."

मित्रांनो, त्या वेळी मी फक्त एकदा वाजलो असतो तरी चाललं असतं. पण मी ओल्या मातीने भरलेला होतो. ओली माती भरलेला डबा वाजत नाही.

मी राहायला थोरल्यांकडे असे, म्हणून रस्त्यावर धाकट्यांनी मला त्यांच्या हाती दिलं. त्यामुळे पुढचं सगळं मला फळीवरून बघावं लागलं. घरी आल्या आल्या ते वहिनींना म्हणाले, "तो येणार आहे."

"कोण, भाऊजी? तुम्ही बोललात त्यांच्याशी?"

"सरळ बोललो. ये आता घरी, पुरे झालं, असं."

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाला, ओढू नका. आपणहून येईल."

"मी फोन जोडून देऊ का? दोन गल्ल्यांवर तर आहेत."

"नको. ओढल्यासारखं होईल."

त्या दिवसापासून संध्याकाळी दाराला कडी लावायची नाही असं ठरलं. दार नुसतं लोटून ठेवत. रोज सहाच्या सुमाराला ते हळूच उघडायचं, थोरले शिलाई मशीनवरून मान वर करायचे आणि शेजारचं मांजर आत यायचं. "हा तो नव्हे," थोरले म्हणायचे आणि आलंय तर रिकाम्या पोटी कशाला पाठवायचं म्हणून त्याला दूध द्यायचे. मांजराने हे मनावर घेतलं. हिवाळ्यापर्यंत ते इतकं जाड झालं की त्याला आत यायला दार जास्त उघडावं लागे. दार जितकं जास्त उघडे तितक्या जास्त आशेने थोरले बघत.

मी फळीवर होतो. ते कशाची वाट बघत होते ते मला ठाऊक होतं. ज्याची वाट बघत होते त्याला त्यातलं काहीच ठाऊक नाही, हेही ठाऊक होतं. जगात एवढं ठाऊक असलेला मी एकटाच, आणि मी डबा. मला तळ आहे, झाकण आहे, अकरा भोकं आहेत. जीभ नाही.

हिवाळ्यातल्या एका सकाळी थोरले मशीनवर बसले असताना गेले. सुई कापडात तशीच राहिली. त्या दिवशी खूप माणसं आली. धाकटेही आले, कोपऱ्यात उभे राहिले आणि माणसांबरोबर निघून गेले.

महिन्याभराने वहिनींनी त्यांना फोन केला. "भाऊजी, तो तळ्यावरचा डबा तुमचाही आहे. घेऊन जा."

धाकटे आले. वहिनींनी मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी माझं झाकण उघडलं, आत पाहिलं, पुन्हा लावलं. मी रिकामा होतो.

"एक विचारू? राग मानू नका," वहिनी म्हणाल्या.

"विचारा, वहिनी."

"तळ्यावर ह्यांनी तुम्हाला घरी बोलावलं होतं ना? ये आता घरी, पुरे झालं रे, असं?"

धाकट्यांची बोटं माझ्यावर थांबली.

"हे मला रोज सांगायचे. तुम्ही म्हणालात, ओढू नका, आपणहून येईल. म्हणून मला फोनही लावू दिला नाही. रोज संध्याकाळी दार उघडं." वहिनी समोर येऊन बसल्या. "तुम्ही खरंच तसं म्हणाला होतात का? की ह्यांनी आपलं मनानेच रचलं? मला एवढंच कळू द्या. माणूस कुणीतरी शब्द दिला म्हणून वाट बघत होता, की उगीच?"

मी रिकामा होतो, त्यामुळे आता मला सगळं ऐकू येत होतं. धाकट्यांच्या नखांचा माझ्या पत्र्यावर होणारा बारीक आवाजसुद्धा. ते तळं, ती वाकलेली काठी, तो मासा, सगळं त्यांच्या ध्यानात आलं ते त्याच क्षणी. खरं सांगितलं असतं तर ते निर्दोष सुटले असते. मी माझ्या येण्याविषयी बोलतच नव्हतो वहिनी, मी माशाविषयी सांगत होतो, इतकं साधं होतं. पण मग सहा महिने उघडं राहिलेलं ते दार फक्त एका मांजरासाठी उघडं राहिलं असतं.

"म्हणालो होतो," धाकटे म्हणाले.

"मग?"

"निघायला उशीर झाला, वहिनी."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. "तरी मी ह्यांना म्हणायचे, बोललेत तर येतील. चहा टाकते. बसा."

त्या आत गेल्या. धाकटे मला दोन्ही हातांनी धरून बसले आणि इतक्या जोरात रडले की माझ्या डाव्या बाजूला पोचा आला. तो अजून आहे. मी काढू देत नाही.

मित्रांनो, डबा म्हणून माझी तुमच्याकडे एवढीच विनंती आहे. आमची काळजी घ्या. आम्हाला ओलं ठेवू नका, उन्हात टाकू नका, वापर संपला म्हणून लाथाडू नका. पण कुणाशी बोलायचं असेल तर आम्हाला मध्ये घेऊ नका. सरळ जा, समोर उभे राहा. आणि त्याला घरी बोलावताना त्याचं नाव घ्या. नाव घेतलं की मासा ओढत राहतो आणि माणूस वळून बघतो.