अस्तरावरचा ओलावा

मी कमरपट्टा बोलतोय. कापडाचा, आत पोलादी पट्ट्या, आणि स्वभाव संशयी. त्याला इलाज नाही.

कोरियातल्या जॉन्जू शहरात, एका दवाखान्यात ओक-बुन आजींच्या मणक्याचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं आणि मी त्यांच्या कमरेला आलो. डॉक्टरांनी म्हणे आधीच समजावलं होतं, नसांभोवतीच्या पडद्याला चीर पडू शकते, आतलं पाणी झिरपू शकतं. आजींनी एवढंच विचारलं, थंडीआधी कोबीचं तिखट लोणचं, किमची, घालायला बसता येईल ना? छोटंसं तर भोक! हे ‘छोटंसं’ ऐकलं की माझ्या मनात पाल चुकचुकते.

घरी आल्यावर आजी उभ्या राहिल्या की डोकं फुटायचं. खालून तापवलेल्या जमिनीवर आडव्या झाल्या की दुखणं गायब. आजींना वाटलं, जमिनीची ऊब मानवली. सुनेनं, मी-ग्योंगनं, ऊब आणखी वाढवली. इकडे माझं अस्तर भिजत होतं. दोघी म्हणाल्या, घाम. अहो, घाम असा एकाच जागी, नाण्याएवढा येतो होय? पण मला विचारतो कोण!

कोबीचे गड्डे मिठात पडले तरी आजी अंथरुणातच. आता सुनेलाच संशय आला. सासूबाई काम टाळताहेत, असं ती शेजारच्या जोम-रेबाईंपाशी बोलली. आजींनी ते ऐकलं. इरेला पेटून उठल्या, गड्ड्यांपाशी बसल्या आणि पांढऱ्याफटक पडून कलंडल्या.

मी-ग्योंगनं तिखटाचे हात धुतले, मला सोडलं, अस्तर चाचपलं.

“आई, हा घाम नाही. कधीपासून होतंय?”

“घरी आल्यापासून. डोकं दुखतं म्हटलं असतं, तर तुला नाटक वाटलं असतं.”

त्यांना तसंच आडवं ठेवून सुनेनं गाडी बोलावली.

पडदा शिवला गेला. आणखी उशीर झाला असता तर जंतू आत शिरले असते, असं डॉक्टर म्हणाले. त्या वर्षीची किमची सुनेनं एकटीनं घातली. खारट झाली. आजींनी मुकाट्यानं खाल्ली.

आता जोम-रेबाईंचं ऑपरेशन आहे. त्या मला मागायला आल्या, वर म्हणाल्या, छोटंसंच भोक आहे.

“भोक बाहेरून छोटं,” आजी म्हणाल्या. “उठल्यावर डोकं दुखलं, पाठ ओली लागली, तर त्याच दिवशी सांग. कोण काय म्हणेल ते बघू नकोस.”

बाईंनी मान डोलावली. आजींनीही डॉक्टरांपुढे अशीच डोलावली असणार. म्हणून तुम्हाला सांगतो, मला सोडाल तेव्हा अस्तरावर एकदा हात फिरवा. मला सगळं कळतं हो, पण कमरेवर असताना बोलता येत नाही.